बोर्डावरची जागा

मनप्रत प्रयोगशाळेतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर एक्स्टेंशन बोर्ड एकच, आणि त्यावर हक्क सांगणारे मात्र ढीगभर. त्यात सगळ्यांत आडदांड अडॅप्टर शैलजाबाईंच्या पेटीचा. स्वतः एक छिद्र घ्यायचा आणि शेजारच्या दोघांवर फतकल मारून बसायचा.

त्या पेटीत शैलजाबाई होत्या. म्हणजे त्यांची मनप्रत: साऱ्या आठवणी, बोलण्याची लकब, सगळं उतरवून घेतलेली आणि विजेच्या प्रवाहावरच जिवंत राहणारी. बाईंना जाऊन वर्ष झालं होतं. ही प्रत उतरवली होती त्यांचे यजमान डॉ. विनायक दाबके यांनीच. रोज सकाळी ते चहा घेऊन पेटीसमोर बसत. फोनच्या चार्जरला जागा हवी म्हणून तो अडॅप्टर उपटत, उलटा फिरवत आणि पुन्हा खोचत. संध्याकाळी किटलीसाठी पुन्हा तेच.

"अहो, चहा निवतोय," पेटी म्हणायची, आणि दाबक्यांचा दिवस सार्थकी लागायचा. अख्ख्या संसारात शैलजाबाईंनी त्यांना दुसरी हाक कधी मारलीच नव्हती.

त्या सकाळी वीजविभाग सांभाळणाऱ्या डॉ. अश्लेषा मोहोळ आत आल्या आणि दाबक्यांच्या हातातला उपटलेला अडॅप्टर पाहून जागीच थबकल्या.

"सर, हा रोज काढता तुम्ही?"

"अगं, क्षणभरच. आत बॅटरी आहे ना तेवढ्यापुरती!"

"आहे, पण सगळं मन पेलायचा दम नाही तिच्यात. म्हणून वीज तुटली की पेटी आपला भार हलका करते. जी आठवण सगळ्यांत जास्त वीज खाते, ती आधी सोडते. दर वेळी एक."

"आणि सोडलेली?"

"परत येत नाही. मनप्रतीची दुसरी प्रत निघत नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत ना, सर."

कुठली आठवण जास्त वीज खाते, हे दाबक्यांना कुणी सांगायला नको होतं. जी मनात सारखी येते, जिचे धागे बाकी सगळ्या आठवणींत गुंतलेले असतात, ती.

"म्हणजे ज्याच्यावर जीव जडलेला..." अश्लेषा पुटपुटल्या.

दाबक्यांनी अडॅप्टर खोचला.

"आपला पेपरवाला कोण, आठवतंय?"

"संपत. पुरवण्या गाळतो मेला."

"आणि इस्त्रीवाला?"

"गोविंद. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं ना?"

दाबक्यांच्या जिवात जीव आला. सगळं तर शाबूत होतं! डोळे पुसत ते पेटीच्या अगदी जवळ सरकले.

"आणि मी?"

पेटी ओशाळल्या, अदबीच्या सुरात म्हणाली, "अहो, तुम्ही रोज चहा घेऊन येता, आपुलकीने बोलता... तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं बघा."