चाकांवरची न्हाणी

शॉवरच्या काचेच्या खोक्यात नीलांबरी डोळे मिटून उभी होती. अंगावर रेनकोट, खांद्याला पर्स आणि भोवती अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॉय गावच्या एका भल्यामोठ्या हार्डवेअरच्या दुकानातली शनिवारची गर्दी. नमुन्यासाठी मांडलेल्या त्या कोरड्या शॉवरखाली ती हवेतल्या हवेत केसांना शाम्पू लावून बघत होती... आणि उजवं कोपर खाडकन काचेवर आपटलं.

“अरे देवा!”

“हं?” काचेपलीकडून कुणीतरी म्हणालं.

तिनं डोळे उघडले. समोर एक उंच तरुण उभा होता. पावसानं केस कपाळाला चिकटलेले, हातात नळाचा झिजलेला वॉशर आणि चेहऱ्यावर खरोखरीचा प्रश्न.

“सॉरी, तू मला हाक मारली ना? माझं नाव देव आहे. माझी आई रागावली की एक्झॅक्टली असंच म्हणते.”

“मी वरच्या देवाला म्हणाले.”

“ओह. तो बिझी असेल. वीकेंड आहे.”

तिला हसू आवरलं नाही. इथंच जन्मलेला दिसत होता. बोलण्यातला ‘र’ जिभेवर जरा जास्तच लोळत होता. पण डोळे मिस्कील होते – आणि ते आता तिच्या ट्रॉलीकडे बघत होते. ट्रॉलीत डकवायचे हुक होते आणि रबरी चकत्यांनी भिंतीला चिकटणारा, धरून उभं राहायचा एक दांडा.

“हे कुठे लावणार?”

“माझ्या मोटरहोममध्ये. बाथरूममध्ये.”

“मग हे नको घेऊ. गाडी तापते, गार होते, हलते. सकाळी चिकटलेला असेल, दुपारी खाली. आणि तेव्हाच कुणी धरलेला असेल तर...” तो थांबला. “कुणासाठी आहे?”

“आईसाठी,” ती म्हणाली आणि दांडा गुपचूप परत ठेवून दिला.

नीलांबरी फिजिओथेरपिस्ट होती. काही महिने या गावच्या हॉस्पिटलात, काही महिने त्या, असे करार घेत ती अमेरिकाभर फिरायची. घर म्हणून तिनं एक जुनं मोटरहोम घेतलं होतं, आत राहायची सगळी सोय असलेली मोठी गाडी. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा पावलं टाकायला शिकवणं हे तिचं रोजचं काम. आणि गेल्या वर्षी सांगलीत तिची स्वतःची आई न्हाणीत घसरून पडली, तेव्हा आईला पहिलं पाऊल टाकायला लावणारे हात दुसऱ्याच कुणाचे तरी होते. ते तिच्या मनातून जात नव्हतं.

तिच्या आईनं, मीनाक्षीबाईंनी, उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला होता. मिशिगन, ह्यूरॉन, सुपीरियर... ही सरोवरं त्यांनी फळ्यावर इतक्यांदा काढली होती, पण त्यांतल्या पाण्याला कधी हात लागला नव्हता. लेकीला त्यांना मिशिगन सरोवराच्या काठाकाठानं फिरवायचं होतं. पण व्हिडिओ कॉलवर ती बाथरूम बघून त्यांनी मान हलवली होती. “त्या कपाटात मी आंघोळ करू? पुन्हा पडले म्हणजे? नको गं बाई. तू आपले फोटो पाठव.”

“गाडी कुठंय?” देवनं विचारलं.

“बाहेर, पार्किंगमध्ये. पण तू काय प्लंबर आहेस?”

“नाही. मी कारच्या आतल्या जागा डिझाइन करतो. दारातला खण, कप ठेवायचा... भोक.” शब्द बरोबर आहे का, हे त्यानं तिच्या चेहऱ्यावर तपासलं. “वस्तू जिथे ठेवली तिथेच राहिली पाहिजे. आवाज नाही केला पाहिजे. तेवढाच माझी नोकरी आहे.”

“तेवढीच.”

“तेवढीच,” त्यानं निमूट दुरुस्त केलं.

मोटरहोमच्या बाथरूममध्ये दोघांनी मावणं शक्यच नव्हतं. तो आत, ती दारात. शाम्पूच्या बाटल्या बेसिनमध्ये आडव्या पडल्या होत्या, टॉयलेट पेपर भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधला होता आणि आरशामागच्या कपाटाचं दार तिच्या हेअरबँडनं आवळलेलं होतं.

“हे कुलूप आहे?”

“वळणावर दार उघडतं. मागे खोबरेल तेलाची बाटली सांडली. पूर्ण ओहायो संपेपर्यंत गाडीत माहेरचा वास येत होता.”

तो खळखळून हसला. वळताना त्याचं डोकं छताच्या कडेला लागलं आणि सावरायला त्यानं दाराची चौकट धरली – नेमका तिचा हात होता तिथंच. दोघांनी एकदमच हात काढून घेतले.

“पुढच्या शनिवारी येऊ?” त्यानं छताकडे बघत विचारलं.

मग तो शनिवारी आला, रविवारीही आला. नीलांबरीची गाडी गावाबाहेरच्या कॅम्पग्राउंडवर मेपलच्या झाडांखाली उभी असायची. देव पुठ्ठे, पट्टी, ड्रिल असं सगळं घेऊन यायचा. आधी पुठ्ठ्याच्या फळ्या चिकटवून बघायच्या, मग लाकडाला हात लावायचा, ही त्याची पद्धत.

“डोळे मिट,” तो दारातून म्हणाला. “तोंड धुवायला वाक. आता साबण घे.” तिचा हात जिथं गेला तिथं त्यानं पेन्सिलीनं खूण केली. “टॉवेल?” आणखी एक खूण. “ओके. आता आई हो.”

“म्हणजे?”

“दांडा तिच्यासाठी आहे ना? तिची उंची किती?”

नीलांबरीनं डोळे न उघडताच स्वतःच्या कानापाशी हात नेला. “मिठी मारली की तिचं डोकं इथं येतं.” मग तिनं गुडघे किंचित वाकवले, उजवा पाय जपून उचलला, आई उचलते तसा... आणि तिचा हात आपोआप भिंतीकडे गेला. पेन्सिलीचा आवाज काही आला नाही.

“काय झालं?”

“काही नाही.” त्याचा आवाज अगदी हळू होता. “तू तिला खूप मिस करतेस.”

डोळे मिटलेले होते ते बरंच झालं.

भिंत पातळ प्लायची, तिच्यात स्क्रू धरेना. भिंतीपलीकडे कपड्यांचं कपाट होतं. देवनं त्याच्या आतून जाड फळी लावून दांडा आरपार बोल्टनं आवळला आणि स्वतः त्याला लोंबकळून बघितलं. भिंतीला दुमडून ठेवता येईल अशी बैठक बसवली. शॉवरचा पडदा अंगाला चिकटायचा, तर त्याची दांडी बाहेरच्या बाजूला कमानीसारखी वाकवली, कोपरांना जागा झाली. फळ्यांना पुढं काठ आला, टॉयलेट पेपरला झाकणाचा डबा. कपाटाला दाबल्याशिवाय न उघडणारी कडी लागली. ती टॉर्च धरायची, तो स्क्रू मागायचा. कधी तो स्क्रू मागायला विसरायचा, कधी टॉर्चचा झोत भिंत सोडून त्याच्या चेहऱ्यावर जायचा.

“माझ्यावर काही बसवायचं नाहीये,” तो म्हणायचा.

“खात्री आहे?” ती म्हणायची आणि लाजून टॉर्च वळवायची.

काम संपलं त्या रविवारी दोघं गाडीच्या चाचणीला निघाले. ती चालवत होती. तो मागं टेबलापाशी पट्टा बांधून, डोळे मिटून कान देऊन बसला होता. तिनं गाडी जोरात डावीकडे वळवली, खड्ड्यातून नेली, ब्रेक दाबला. सगळं चिडीचूप.

“काहीच वाजत नाही!” ती ओरडली.

“एक आवाज येतोय.”

“कसला?”

“तू गुणगुणतेस.”

ती एकदम गप्प झाली.

“बंद नको करू ना... तो चांगला आवाज आहे.”

एका तळ्याकाठी तिनं गाडी थांबवली. आता सांगायलाच हवं होतं. “देव, ट्रॉयचा करार संपला माझा. आईची ट्रिप झाली की मी ओरेगनला जातेय. पार पश्चिम किनाऱ्यावर, सप्टेंबरपासून.”

“ओह.” त्यानं तळ्याकडे नजर वळवली. “ओरेगन... छान आहे. तिकडे डोंगर आहेत.”

त्यानंतर तो आला नाही. मेसेज यायचे, दोन शब्दांचे. ‘काम खूप.’ ‘आई पोचली?’ नीलांबरीनं मनाला समजावलं, गावं सोडायची तिला सवय होती. मावेल तेवढं घ्यायचं, उरलेलं ठेवून निघायचं, आजवर कधी जड गेलं नव्हतं. या वेळी मात्र गाडी सुरू करताना ती दोनदा मागं वळून बघत होती.

व्हिडिओ कॉलवर दांडा आणि बैठक बघून आईनं अखेर होकार दिला होता. मीनाक्षीबाई आल्या. मायलेकी पश्चिमेला सरोवराच्या काठी पोचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आई टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराशी उभी राहिली. आत जाईना.

“मी आहे ना बाहेर,” नीलांबरी म्हणाली.

दार लागलं. नीलांबरी तळहात दाराला टेकवून उभी. पाणी सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग काहीच आवाज नाही.

“आई? ठीक आहेस ना?”

“अगं, दोन मिनिटं निवांत बसू दे की! छान बसायला केलंय इथं.”

ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून मीनाक्षीबाई बाहेर आल्या, हसल्या. “नाही पडले.” आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आईचं डोकं लेकीच्या कानापाशी टेकलं.

“त्या मुलानं मन लावून केलंय गं,” चहा घेताना आई म्हणाली. “पण ती दारावरची फळी कुणासाठी? ना माझा हात पोचेल, ना तुझा.”

“दारावर कुठं फळी आहे?”

ती आत जाऊन बैठकीवर बसली आणि वर बघितलं. दाराच्या वर, आतल्या बाजूला, भिंतीच्याच पांढऱ्या रंगाची एक अरुंद फळी होती. काठाला बारीक कठडा. ती रोज बेसिनकडे तोंड करून आत शिरायची. दार कायम पाठीशी. उठून टाचा उंचावल्या तरी तिची बोटं जेमतेम कठड्याला लागली. चाचपून बघितलं, फळी रिकामी होती.

तिनं फोन लावला.

“दारावरची फळी कुणासाठी आहे, देव?”

“...उंच माणसासाठी.”

“आमच्या घरात उंच माणूस नाहीये.”

“माहितेय. चूक झाली. काढून टाक.”

“माझा हात पोचत नाही. इथं येऊन काढावी लागेल.”

“...कधी येऊ?”

दुसऱ्याच दिवशी, अख्खं मिशिगन राज्य आडवं ओलांडून तो आला. हातात खरंच स्क्रूड्रायव्हर होता. मीनाक्षीबाई खुर्चीतून उठायला लागल्या तसा तो धावला. “तू बस ना, काकू, तू उठू नको!” शिक्षिकाबाईंना इतक्या वर्षांत कुठल्या मुलानं ‘तू’ म्हटलं नव्हतं. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि टॉवेल उचलला.

“मी आंघोळ करते. तुम्ही दोघं पाण्यावर जाऊन या. मला वेळ लागेल.”

“आई, सकाळीच केलीस ना?”

“मग पुन्हा करते. तुझी बाथरूम झालीये इतकी छान,” असं म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.

वाळू ऊन खाऊन उबदार झाली होती. सरोवराला पलीकडचा काठ दिसत नव्हता. दोघं चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेनं चालू लागले.

“ती फळी मी पहिल्या वीकेंडला लावली,” देव म्हणाला. “जोक म्हणून. मग काढवेना.”

“सांगितलं का नाहीस?”

“तू ओरेगन म्हणाली.” तो थांबला, शब्द शोधत. “माझं काम वस्तू जागेवर ठेवायचं आहे, नीलांबरी. पण तू फिरतेस म्हणून तू... तू आहेस. मला तुला कडी नव्हती लावायची.”

पाणी पावलांवरून आलं आणि गेलं.

“मी ओरेगनला जाणार,” ती म्हणाली. “शब्द दिलाय. पण वसंतात पुढचा करार घ्यायचाय... तो मिशिगनचा घेतला तर?”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत तू येत जा. सुट्ट्या आहेत की नाहीत तुला?”

“खूप आहेत. कधी घेतलीच नाहीत.” त्यानं तिच्याकडे वळून बघितलं. मस्करी कुठल्या कुठे गेली होती. “मला तू आवडतेस. म्हणजे... खूप. मराठीत याच्या पुढचा शब्द काय आहे?”

“तू शोध,” ती म्हणाली, आणि वाळूनं माखलेला त्याचा हात तिनं हातात घेतला. “मला आधीच सापडलाय.”

तो हसला. मग तिच्या कपाळावर अलगद ओठ टेकवले – इतके अलगद की वाऱ्याची झुळूकच वाटावी.

बऱ्याच वेळानं त्यानं दूर उभ्या गाडीकडे बघितलं. “काकूची आंघोळ अजून चालू आहे?”

“टाकीतलं पाणी केव्हाच संपलं असेल.”

“मग ती आत काय करतेय?”

“बसलीये,” नीलांबरी हसून म्हणाली. “आपण परत यायची वाट बघत.”

“जाऊ या?”

“जाऊ या...” ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून उलट्याच दिशेनं, पाण्याच्या कडेकडेनं आणखी थोडी पुढं चालत राहिली.