सरळ बघा, हलू नका

पटो न पटो, हे माझ्यासमोर घडलंय. ऐकीव नाही. रात्रही नव्हती, रविवारची भर दुपार होती.

मामांचा गल्लीच्या तोंडाशी छोटा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर आणि कॉम्प्युटर. मागे जाड पडदा आणि पडद्याआड फोटो काढायची खोली. मामा गेल्यावर मामीने दुकान चालवायला घेतलं. पासपोर्टचे फोटो, झेरॉक्स. बरं चाललं होतं.

मग एक दिवस तिचा फोन आला.

"अरे, कॉम्प्युटरला काहीतरी झालंय. सारख्या जाहिराती उघडतात. आणि..."

"आणि काय?"

"आधी ये तू."

मी गेलो. मामीने शटर अर्धं खाली ओढलं आणि हळू आवाजात सांगायला लागली. गिऱ्हाईक आत स्टुलावर बसलं, की मामांचा आवाज येतो.

"हनुवटी थोडी खाली... हं... सरळ बघा... हलू नका."

एक बाई तर लेकराला उचलून पळत सुटली होती. पुन्हा फिरकली नाही.

"भूतबित मी मानत नाही," मामी म्हणाली. "व्हायरसच आहे. काढून टाक."

मलाही तेच वाटलं. मी इंटरनेट बंद केलं. पेनड्राइव्हमधून व्हायरस काढायचं सॉफ्टवेअर टाकलं.

"फुकटचं आहे मामी, पण कामाचं आहे."

"तुझ्यासारखंच की!"

दोघंही हसलो. त्या दुपारी हसलो ते तेवढंच.

स्कॅन सुरू झालं. हिरवी पट्टी सरकत होती. मध्येच लाल अक्षरं उमटू लागली. अपडेटच्या नावाखाली घुसलेला एक प्रोग्राम माइक आणि स्पीकर ताब्यात घेऊन बसला होता.

माझा जीव भांड्यात पडला.

"हा बघ चोर! मामांचं जुनं रेकॉर्डिंग असेल कुठेतरी. तेच वाजवत होता."

सगळं काढून टाकलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. एकही जाहिरात नाही. पुन्हा स्कॅन केलं.

'धोका आढळला नाही.'

"झालं काम!" मी म्हणालो.

मामीचं स्क्रीनकडे लक्षच नव्हतं. ती पडद्याकडे बघत होती.

आणि...

"हनुवटी थोडी खाली..."

मामांचाच आवाज. तसाच घोगरा. आणि आत तर कुणी बसलेलंही नव्हतं.

मी स्पीकर बंद करायला वायर ओढली. ती तशीच हातात आली.

कुठेच जोडलेली नव्हती.

"ती मी आधीच काढलीय," मामी पुटपुटली. "मला वाटलं, आत दुसरा स्पीकर असेल."

मामीसमोर घाबरायची लाज वाटली. पडदा सारून आत गेलो.

कुणी नव्हतं. स्टूल, मागे पांढरं कापड, स्टँडवर कॅमेरा. त्याची केबल बाहेर कॉम्प्युटरला जोडलेली.

आवाज नेमका कुठून येतो ते कळावं म्हणून मी स्टुलावर बसलो.

शांत.

रस्त्यावरच्या गाड्यांचाही आवाज येईना...

मग माझ्या हनुवटीला दोन बोटं लागली.

गार.

त्यांनी माझा चेहरा हळूच खाली वळवला... आणि फ्लॅश उडाला!

मी कसा बाहेर आलो, आठवत नाही. पडदा अर्धा फाटून माझ्यासोबतच आला.

फोटो स्क्रीनवर उमटला होता. मामी त्याच्याकडे बघत होती. मी पोहोचेपर्यंत तिने तो डिलीट केला. रिसायकल बिनही रिकामी केली. मग प्लगच उपटला.

त्याच आठवड्यात तिने दुकान सोडलं. मामांनी हौसेने उभं केलेलं दुकान. आता ती दुसऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते.

परवा मी धीर करून विचारलं, "मामी, काय होतं फोटोत?"

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तुझ्यामागे कुणीतरी उभं होतं."

"मामा?"

तिने माझ्याकडे बघितलं.

"हे असते, तर मी दुकान सोडलं असतं का रे?"

मग आवाज मामांचा कसा होता...?

ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.