पंखा तोच ठेवा

अहमदपूरच्या लातूर रोडवर उमादेवीचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. नवरा संगमेश्वर गेल्यावर फ्यूज उडवत, बोटं भाजत ती काम शिकली. बाईच्या हातात टेस्टर बघून कुणी हसलं की म्हणायची, हसू गाडीतच ठेवून या. दुकानात स्टुलं दोन. दुसरं संगमेश्वरचं, तो गेल्यापासून त्यावर नुसती धूळ बसायची.

मे महिन्यात, भर दुपारी चंद्रप्पा आला. लातूरचा डाळीचा व्यापारी. गाडीत एकटाच, पण मागच्या सीटवर उशी नीट मांडलेली.

हात जोडून "शरणार्थी, अक्का" असा नमस्कार करत त्यानं काम सांगितलं. एसी लावला की रेडिएटरचा पंखा लगेच फिरला पाहिजे, इंजिन तापायची वाट बघायची नाही. गेल्या उन्हाळ्यात बायकोला, मंजुषाला, दवाखान्यात नेताना गाडी तापून रस्त्यातच बंद पडली होती. मागं पडल्या पडल्या ती एकच विचारत राहिली, पंखा फिरला का म्हणून. विचारता विचारताच गेली.

"वायरिंग काय बी करा, अक्का. पंखा तोच ठेवा," तो हळूच म्हणाला. "तो फिरला की... ती मागं येऊन बसते."

ऊन लागलंय याला, असं मनाशी म्हणत उमादेवीनं त्याला खानावळीत जेवायला पिटाळलं.

पंखा बघितला तर बेअरिंग पार गेलेलं. हा ठेवला तर गाडी पुन्हा तापणार, आणि आपल्या हातचं काम रस्त्यात बंद पडलेलं तिला खपत नसे. तिनं नवा पंखा बसवला, एसीच्या कंप्रेसरच्या वायरीवरून वेगळा रिले दिला. एसीचं बटण दाबताच पंखा गरकन फिरला. चंद्रप्पा आला, तो आवाज ऐकून डोळे पुसत निघून गेला. जुना माल गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा हा तिचा नेम. आज मात्र जुना पंखा तिनं टेबलाखाली सरकवला होता.

मग लाईट गेली. रस्ता सुनसान. तापलेल्या डांबराचा वास. त्या शांततेत बारीक घरघर सुरू झाली.

तिनं वाकून बघितलं. जुना पंखा फिरत होता. त्याच्या तुटक्या वायरी फरशीवर मोकळ्या पडल्या होत्या. हवा मात्र गार, औषधाचा वास असलेली.

"फिरला का हो..." पंख्यामागून बाईचा क्षीण आवाज आला.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं चंद्रप्पा.

"अक्का, पंखा फिरायलाय. पण मागं कुणीच बोलंना झालंय... पंखा तोच हाय ना?"

उमादेवीनं टेबलाखाली बघितलं. दुपारच्या वेळी या दुकानात तिच्याशी कामाशिवाय कुणी बोललं, त्याला किती वर्षं झाली होती.

"हाव," ती म्हणाली. "तोच हाय."

फोन ठेवून तिनं पंखा उचलून टेबलावर ठेवला, आपलं स्टूल त्याच्यासमोर ओढलं.

"फिरला, बाई. फिरला."

बऱ्याच वेळानं तिनं बाजूला बघितलं. संगमेश्वरचं स्टूल शेजारी आलं होतं. ते तिनं ओढलं नव्हतं. आणि त्यावरची धूळ, कुणी बसावं तेवढीच, पुसली गेली होती.