मिटलेली पानं

कामशेतला शालन आली होती ती आबांबरोबर भात कांडून न्यायला, पुस्तकासाठी नव्हे. पण गिरणीपुढं बैलगाड्यांची ही रांग, वर पावसाची भुरभुर… म्हणून ती शेजारच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिली. दुकान मामांचं, पण गल्ल्यावर त्या दिवशी भाचा होता, महिपती. कुमारांसाठीच्या एका कथासंग्रहावर तिची नजर खिळलेली त्यानं पाहिली आणि, काय सांगावं, विकायचं पुस्तक पठ्ठ्यानं वाचायलाच देऊन टाकलं. अट एकच घातली. पान फाटता कामा नये, नाहीतर मामा फाडून खातील.

चौथीत शाळा सुटलेली एकोणीस वर्षांची पोर ती. कोरं पुस्तक तिनं जन्मात पहिल्यांदा हातात धरलं होतं. आंदर मावळातलं घर येईस्तोवर ते तिनं इरल्याखाली छातीशी धरलं. घरी उघडून बघते तर निम्मी पानं कडेला एकमेकांना जोडलेली! तिला वाटलं, पुढचं मोठ्या माणसांसाठी असेल, म्हणून बंद ठेवलंय. बोट घालायचाही धीर होईना. फाटलं तर पुस्तक गेलं, आणि पुस्तकाबरोबर ते पत्र्याखालचं उभं राहणंही गेलं. खरं सांगायचं तर दुसरीच धास्ती जास्त होती.

पण अर्धी गोष्ट काही गप्प बसू देत नाही. भाताच्या आवणीला रोपं लावत चिखलात वाकलेल्या बायका रोज विचारायच्या, शालन, काल कुठवर आलती गं? मग पान जिथं मिटायचं तिथून पुढं शालन आपल्याच मनानं सांगायची. कुठून सुचायचं, देव जाणे. स्वतःच्याच तोंडचं ऐकून तिच्या अंगावर काटा यायचा.

आवणी उरकली, पुन्हा बाजाराला येणं झालं. महिपतीनं पुस्तक हातात घेतलं, चाळलं, तर पानं तशीच मिटलेली. मग हळूच सांगू लागला. तिच्या गावची भागूबाई नातवाला पाटी घ्यायला आली होती. शालनकडून ऐकलेली नावाड्याच्या पोरीची गोष्ट सांगता सांगता म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. पुरात तिचा शिपाई पलीकडं अडकतो आणि ती पोर स्वतः नाव घालून त्याला घेऊन येते…

"ही गोष्ट मी दुसऱ्या प्रतीत वाचलीय, शालन. असं ह्यात नाहीच. मग हे आलं कुठून?"

तिनं मान खाली घातली. चोरी उघडी पडली होती.

"पानं बंद व्हती… फाडू नका म्हनलात तुमी. मग फुडचं मीच सांगितलं. लय चुकलं का?"

महिपतीनं गल्ल्यावरची लोखंडी पट्टी घेतली, मिटलेल्या पानांत सरकवली आणि अलगद ओढली. पान उघडलं. काही नवी पुस्तकं अशीच येतात, म्हणाला, वाचणाऱ्यानं कापून घ्यायची असतात, तुला सांगायचंच राहिलं. शालननं भराभर वाचलं. पुस्तकातली पोर घाटावर दिवा लावून जन्मभर वाट बघत बसली होती. शालनला रागच आला.

"अशी कशी बसून ऱ्हायली ही? नाव तर दारातच बांधलेली."

ढग सरून एकदम तिकोणा गड समोर आला की माणूस बोलायचं विसरतो, तसा महिपती तिच्याकडं बघत राहिला. त्याला ती फार आवडली होती. त्या पहिल्या दिवशीच आवडली होती. त्यानं दुसरं एक पुस्तक तिच्यापुढं ठेवलं.

"हेही बंद आहे. मी कापणार नाही. आधी तू सांगायचंस… मग दोघांनी मिळून उघडायचं. हे, आणि ह्याच्या पुढची सगळी."

"आन माझं छापल्यापरीस येगळं निघालं तर?"

"तर छापणाऱ्याचं चुकलं."

गिरणीपुढून आबांनी हाक मारली. शालननं पुस्तक इरल्याखाली घेतलं. पट्टीही उचलली, क्षणभर हातात धरली आणि परत त्याच्या हातात ठेवली.

"ही तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. आमच्या घरी येताना आना," ती म्हणाली, आणि पायरी उतरता उतरता थांबली. "आन येताना एकटं येऊ नगा… मामांना संगं आना."