झबल्यातून सुटलेले टाके

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. हसण्यानं दात दिसतात, अक्कल नाही.

सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूर, मंगळवार पेठ. वेळ भर दुपारची. भुतं रात्रीच निघतात असं सांगणाऱ्या शहाण्यांनी इथूनच माघारी फिरावं.

माझी थोरली जाऊ अंबूबाई पायाच्या मशीनवर अख्ख्या गल्लीची पोलकी शिवायची. लेक निशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आलेले. अंबूबाईनं लाल दोरा ओवला आणि बाळाचं झबलं शिवायला घेतलं.

शेजारची धोंडुबाई दारातनंच म्हणाली, "पोर जन्मायच्या आधी नवं कापड शिवायचं नसतंय, अंबू. अंगाला जुनेरच लावायचं."

"तुझी सगळी पोरं जुनेरातच वाढली की. काय दिवं लावलं त्यांनी?"

धोंडुबाई तोंड वाकडं करून गेली.

मशीन सुरू झालं. आणि टाके सोडायला लागलं...

अंबूबाईनं सुई बदलली. दोरा परत ओवला. बॉबीन काढून झाडली, तेल घातलं. चिंधीवर चालवून बघितलं, तर टीप मोत्यासारखी.

झबल्यावर... परत टाका गायब.

आकाराम मिस्त्रीला बोलावलं. तोही चिंधीवर चालवून म्हणाला, "काकी, मशीनला काय बी झाल्यालं न्हाय. हात थकला असंल तुमचा."

"माझा हात थकायच्या आधी तुझी जीभ झडंल. नीघ."

तो गेला. घर शांत झालं.

अंबूबाईनं पुन्हा पाय मारला.

टक, टक, टक...

इथं टाका सुटला. आणि तो एक टक... आतल्या खोलीतनं आला.

पाय थांबवला. आवाज थांबला.

पाय हलवला. टक, टक... आणि आत, टक.

आत फक्त निशा झोपलेली.

अंबूबाई भिणारी नव्हे. जी नवऱ्याला भ्याली नाही, ती कुणाला भिणार? तरातरा आत गेली.

निशा गाढ झोपेत. पदर पोटावरून खाली गेलेला.

तो पदर अंगाखालच्या वाकळेला शिवला होता... लाल दोऱ्यानं.

झबल्यातले सगळे सुटलेले टाके तिथं होते.

अंबूबाईनं ब्लेड आणलं आणि पहिला टाका उसवला. निशा झोपेतच कण्हली. दुसरा दोरा ओढला तशी तिनं पोट धरलं.

"आई... आतनं कोण ओढतंय गं?"

अंबूबाईचा हात थबकला. उसवावं तर बाळाचं काय होईल? ठेवावं तर काय होईल?

ती खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याला म्हणाली, "कोण हाईस मला ठावं न्हाय. पण माझ्या लेकीला शिवायची तुझी लायकी न्हाय."

मग उरलेल्या टाक्यांना धक्का न लावता कात्रीनं भोवतीनं पदर आणि वाकळ दोन्ही कापलं. पट्टी ट्रंकेत टाकली. झबलं पेटत्या बंबात घातलं.

संध्याकाळी निशाला मुलगी झाली. साक्षी. ठणठणीत.

डॉक्टरला सांगितलं तर म्हणाला, झोपेत भास झाला असंल. झोपलेली लेक होती आणि भास झाला आईला! शिकलेल्यांचं हे असं.

आता साक्षी आजऱ्याला बापाच्या घरी असते, बारावीला आहे. परवा तिचा फोन आला. पोटात कायतरी तुटल्यासारखं झालं म्हणाली.

अंबूबाईनं ट्रंक उघडली.

पट्टीवरचा एक टाका तुटला होता. ब्लेडनं नाही... दातानं तोडल्यासारखा.

तेव्हापासून ती सुईत लाल दोरा ओवून बसलीय. टाका परत घालू का, म्हणून मला विचारते.

घालावा तर सुई साक्षीच्या पोटाला टोचंल, ठेवावा तसाच तर उरलेले टाकेही तुटतील.