चार नंबरचा सिग्नल

"तिचे कान फार तिखट आहेत. तिला माळ्यावर पाठवू नका."

सासूबाईंचं हे वाक्य सुनेनं ऐकायचं नव्हतं. पण सासऱ्यांना ऐकू कमी येई, त्यामुळे त्या घरात गुपितंसुद्धा ओरडून सांगावी लागत. जिन्याखाली चपला शोधत वाकलेल्या सुनेला ते स्वच्छ ऐकू आलं. लग्नाला पाच आठवडे झाले होते. बोलते कमी, चहा पाणचट करते, उठते उशिरा, हे सगळं एव्हाना तिच्या कानावर येऊन गेलं होतं. कान चांगले आहेत ही तक्रार मात्र नवीन होती.

कान चांगले असणारच. लग्नाआधी सहा वर्षं ती श्रवणयंत्रांच्या दुकानात कामाला होती. यंत्र उघडायचं, केसाएवढी वायर जोडायची, आवाज जुळवायचा, गिऱ्हाइकाच्या कानात बसवायचं आणि विचारायचं, "ऐकू आलं?" दिवसातून चाळीस वेळा. सासरी येताना तिनं सासऱ्यांसाठी एक चांगलं यंत्र आणलं होतं. त्यांनी डबी उघडलीसुद्धा नाही. "मला ऐकायचं तेवढं येतं," म्हणाले, आणि डबी टीव्हीच्या मागे गेली.

माळ्यावर आगगाडी होती. सासरे रेल्वेत सिग्नल फिटर. निवृत्तीनंतर त्यांनी प्लायवूडच्या फळ्यांवर आपलंच जुनं स्टेशन उभं केलं होतं. दोन फलाट, पाण्याची टाकी, रुळांना लागून क्वार्टर्स, आणि एका क्वार्टरच्या मागे कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा. मग त्यांचे हात कापायला लागले आणि काम थांबलं. तीन सिग्नल पेटत. चौथा नुसताच खांब, वायरी लोंबणारा. आता पंधरा दिवसांवर त्यांची पंचाहत्तरी होती, आणि सगळं चालू करून दाखवायचं नवऱ्यानं मनावर घेतलं होतं.

"इतरांच्या बायका माहेरून दागिने आणतात," तो म्हणाला, "माझी सोल्डरिंग गन घेऊन आली. वापरायला नको?"

सुनेनं हो म्हटलं. नाही म्हणायला कारण लागतं, आणि 'मी जिन्याखालून ऐकलं' हे काही सांगण्यासारखं कारण नव्हे.

दुपारी ती वर गेली. दिवे नीट दिसावेत म्हणून माळ्याच्या खिडकीला जाड कापड ठोकलेलं होतं. बाहेर लख्ख ऊन, आत तिन्हीसांजा. सुक्या लाकडाचा, मशीनच्या तेलाचा आणि तापलेल्या धुळीचा वास. काम सोपं होतं. खांबातून तीन वायरी खाली येत: लाल दिव्याची, हिरव्या दिव्याची आणि एक दोघांची मिळून काळी. चार नंबरच्या पुढच्या रुळावर इंजिन असलं की फळीच्या कडेला लावलेल्या पॅनेलवरचा चौथा दिवा लागायचा आणि सिग्नल लाल व्हायचा. इंजिन काढलं की दिवा जायचा, सिग्नल हिरवा. तिनं सोल्डरचे टाके दिले, इंजिन ठेवून पाहिलं. लाल. उचललं. हिरवा. चोख.

मग इंजिनाला आवाज द्यायचा होता. नखाएवढी एक पाटी, तिला म्हणतात साउंड डिकोडर, आणि तिला जोडलेला शर्टाच्या बटणाएवढा स्पीकर. लॅपटॉपवरून एकेक आकडा कमीजास्त करत आवाज जुळवायचा. आधी धडधड, मग ब्रेकची किंचाळी. शिट्टी तिनं उद्यावर ठेवली आणि इंजिन एक फेरी सोडलं.

चार नंबरच्या थोडं अलीकडे इंजिनानं शिट्टी दिली. एकच. आखूड.

नवऱ्यानं घालून ठेवली असेल, असं म्हणत तिनं लॅपटॉपवरची यादी उघडली. शिट्टीची जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी इंजिन चार नंबरच्या पुढे ठेवलं, तर सिग्नल हिरवाच. फळीखाली वाकून पाहिलं. लाल आणि हिरवी वायर अदलाबदल झाली होती. आपलीच चूक, असं तिला क्षणभर वाटलं. मग टाके दिसले. काल दिलेला टाका चांदीसारखा चकाकतो. हे टाके राखाडी होते, निस्तेज, आणि त्यांच्यावर धुळीचा थर होता. एका टाक्यापासून दुसऱ्यापर्यंत कोळ्यानं धागा ओढला होता.

तिनं धूळ पुसली, टाके सोडवले, पुन्हा नीट जोडले, आणि खूण म्हणून लाल वायरीला पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी गाठ जागच्या जागी होती. पण गाठ मारलेली वायर हिरव्याच्या खुंटीवर होती, जुन्या, धुळकट टाक्यानं बसलेली. आणि पॅनेलवर चौथा दिवा जळत होता. रुळावर काहीच नव्हतं. इंजिन तिच्या मांडीवर होतं.

त्या संध्याकाळी भांडी विसळता विसळता तिनं नवऱ्याला विचारलं, "चार नंबरला काय झालं होतं रे?"

त्यानं पुसत असलेलं ताट खाली ठेवलं. "दादा," तो म्हणाला. "गाडी तो चालवत होता. चार नंबर लाल असताना पुढे काढली. पुढे मालगाडी उभी होती. नऊ माणसं गेली, आणि तो. चौकशीत ठरलं, डुलकी लागली असणार." तो थोडा हसला, पण हसण्यासारखं नाही. "मी दहा वर्षांचा होतो. शाळा सुटेपर्यंत माझं नावच डुलकी होतं. आजही ऑफिसात कुणी जांभई दिली ना, की मी उठून बाहेर जातो."

"आणि एकच आखूड शिट्टी... तिचा काही अर्थ असतो का?"

"असतो ना. आमच्या लायनीवर हिरवा दिसला की ड्रायव्हर एक आखूड द्यायचे. 'मिळाला' म्हणून. लाल असला तर नाही. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि तेच ताट पुन्हा विसळलं.

दुसऱ्या दुपारी वर जाऊन तिनं पहिलं काम केलं ते स्पीकर काढण्याचं. दोन्ही वायरी कापल्या, स्पीकर मुठीत घेतला, मुकं इंजिन रुळावर ठेवलं आणि सोडलं. धडधड नाही, किंचाळी नाही. फक्त चाकांची बारीक सरसर. वळण गेलं, टाकी गेली, क्वार्टर्स आल्या...

शिट्टी झाली. एक. आखूड.

मागे जिन्यात कशाचा तरी आधार घेतल्याचा आवाज आला. दारात सासूबाई उभ्या होत्या.

"ऐकलीस ना..."

"आई, यात स्पीकरच नाहीये." तिनं मूठ उघडून दाखवली.

सासूबाईंनी तिच्या मुठीकडे पाहिलंच नाही. त्या फळीवरच्या त्या क्वार्टरकडे, दोरीकडे बघत होत्या. "तेव्हाही दुपारच होती. मी कपडे वाळत घालत होते. एक आखूड वाजली. मी म्हटलं, मिळाला बाई त्याला, येईल आता जेवायला... चादरसुद्धा झटकून झाली नव्हती माझी, तेवढ्यात..."

सुनेनं हळूच विचारलं. "त्या दिवशी चार नंबरचं काम कुणी केलं होतं, आई?"

सासूबाईंची नजर खाली गेली, जमिनीवर. बरोबर त्या खाली बैठकीत सासऱ्यांची आरामखुर्ची होती. ती एकदा करकरली.

"एक गेला होता गं," सासूबाई पुटपुटल्या. "दुसऱ्याला माझ्या हातानं तुरुंगात धाडू? मेलेल्याला काय लागतं, म्हटलं..."

आणि धाकट्याला? सुनेला नवऱ्याचं 'डुलकी' हे नाव आठवलं. पॅनेलवरचा चौथा दिवा जळत होता. इंजिन केव्हाच पुढे जाऊन फलाटाला थांबलं होतं.

पंचाहत्तरीचा दिवस रविवारी आला. सकाळी नवऱ्यानं तीनदा बेल वाजवली, दाराशेजारी बसलेल्या सासऱ्यांना पत्ता नाही. शेवटी खिडकीवर थापा मारल्या तेव्हा सुनेनं दार उघडलं. दुपारी चौघं चहाला बसले. माळ्याचा मेन स्विच तिनं स्वतः बंद केला होता. इंजिन टेबलावर खोक्यात होतं आणि स्पीकर तिच्या खिशात.

"चला बाबा, वर," नवरा म्हणाला. "तुमचं स्टेशन बघा. हिनं चौथाही लावलाय."

"नको," सासरे म्हणाले. "गुडघे."

तेव्हा ती वाजली. वरून. एक. आखूड.

सगळ्यांत आधी मान वर केली ती सासऱ्यांनी.

"वर कोण आहे?" नवऱ्याचा कप तोंडाशी थांबला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. सून मात्र सासऱ्यांच्या हातांकडे बघत होती. महिनोन् महिने पेला धरता न येणारे ते हात मांडीवर होते, आणि बोटं न दिसणाऱ्या दोन वायरी एकमेकींना पिळत होती. झरझर, सफाईनं. हात जरासुद्धा कापत नव्हते.

ती पुन्हा वाजली. या वेळी माळ्यावरून नाही. जिन्यातून.

सुनेनं खिशातला स्पीकर काढून टेबलावर, सासऱ्यांच्या कपाशेजारी ठेवला.

"ऐकू आलं ना, बाबा?" ती म्हणाली. "भाऊजींना डुलकी लागली नव्हती. त्यांना हिरवा मिळाला होता. ते दारापर्यंत यायच्या आत ह्याला तुम्ही सांगता, की मी सांगू?"