किबालेच्या जंगलातला पाणघोडा

"हसू नकोस म्हटलं ना!" बिरुंगीने हातातलं उसाचं कांडंच काइजाला फेकून मारलं.

काइजाने ते अलगद झेललं आणि सोलून खायला सुरुवात केली. काइजा म्हणजे बिरुंगीचा मावसभाऊ. दर डिसेंबरला शाळा सुटली की कंपालाहून तो यायचा, खच्चून भरलेल्या मटाटू गाडीतून, गुडघ्यावर कोंबडी घेऊन. तो उतरला की सुट्टी सुरू झाली असं समजायचं!

"मी कुठे हसतोय? अख्खा बाजार हसतोय!" काइजा म्हणाला. "किबालेच्या जंगलात म्हणे पाणघोडा ओरडला! इथे डबकंसुद्धा नाही गुडघाभर. झाडावर चढला होता का तो?"

"घ्रों! हॉ हॉ हॉ!" कुंपणावर बसलेल्या अलिंडाने लगेच पाणघोडा काढून दाखवला. बिरुंगीची ही धाकटी बहीण नऊ वर्षांची. शेळी, मोटारसायकल, मुख्याध्यापिकेची शिंक, काय वाट्टेल ते आवाज काढायची!

"तू पण?" बिरुंगीचे डोळे भरून आले. "अगं, बाबा आहेत ते आपले!"

मग मात्र अलिंडा कुंपणावरून खाली उतरली, आणि काइजाने उरलेलं कांडं बिरुंगीपुढे धरलं.

बाबांना सगळे 'अमूती' म्हणायचे. मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं आमच्या टोरो लोकांत बरं दिसत नाही. बारशाच्या वेळी मिळालेल्या लाडाच्या नावानेच हाक मारायची. तर हे अमूती म्हणजे जंगलखात्याचे सगळ्यांत जुने वाटाडे! सव्वीस वर्षं पाहुण्यांना चिंपांझी दाखवत होते. त्यांची पद्धतच न्यारी. उजाडताना जंगलाच्या कडेला डोळे मिटून उभं राहायचं. मग लांबून कुठूनतरी "हू... हू... हूऽऽ हूऽऽ आऽऽ!" यायचं आणि बाबा म्हणायचे, "हा फाटक्या कानाचा. त्याच्यामागून लंगडी, पोर पाठीवर आहे तिच्या. उंबर पिकलाय वरच्या अंगाला. चला!" आणि खरंच तिथेच सापडायचे सगळे!

पण गेले तीन आठवडे जंगल मुकं झालं होतं. एक हाक नाही! बाबांबरोबर गेलेले पाहुणे घामाघूम होऊन, चिखल तुडवून, रिकामेच परत. आणि नव्या लॉजवर आलेला तो मुगेन्यीदादा? चकचकीत बूट, गळ्यात दुर्बीण! त्याच्या पाहुण्यांना मात्र रोज चिंपांझी! तेही अर्ध्या तासात!

त्यातच बाबांनी वनचौकीवर सरळपणे सांगून टाकलं, "आज जंगलात मला पाणघोडा ऐकू आला." झालं! "अमूतींचे कान गेले बिचाऱ्यांचे," चौकीवरच्या मोठ्या बाई म्हणाल्या. "सोमवारपासून त्यांना फाटकावर बसवा. सावलीत आराम तरी मिळेल."

सावलीत! बाबांना! त्या संध्याकाळी बाबांनी नाचणीच्या उंड्याला हातसुद्धा लावला नाही. पायरीवर बसून ते नुसतेच जंगलाकडे बघत होते.

बिरुंगी त्यांच्याजवळ जाऊन बसली. "बाबा, तो पाणघोडा नक्की कुठे ऐकला तुम्ही?"

"तुलाही थट्टा करायचीय का पोरी?"

"नाही बाबा. शप्पथ!"

बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. "शाळेच्या वाटेवरचा मोठा उंबर माहितीय ना? तिथे. सकाळी साडेसातला. आधी चिंपांझी ओरडले, पण आपले नव्हेत. एकही आवाज ओळखीचा नाही. आणि त्यांच्यामागे पाणघोडा." ते हळूच म्हणाले, "म्हातारा झालो असेन गं. पण बहिरा माणूस कमी ऐकतो. जास्तीचं कसं ऐकेल?"

*

शुक्रवारी सकाळीच दारात भोंगा वाजला. पोंऽऽ!

"कोण येतंय क्यांबुराला?" व्हॅनवाले अराली मामा ओरडले. "पाहुणे आणायला चाललोय, जाताना गाडी रिकामी आहे! पण सीटवर आंब्याचे हात पुसायचे नाहीत!"

ती मामांची हिरवी व्हॅन! आठवली तरी अजून पेट्रोलचा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येतो. छताचं झाकण उचकटून तिघं उभी राहायची, आणि वारा असा तोंडात शिरायचा, की बोलायचं एक आणि ऐकू यायचं भलतंच! चहाचे मळे मागे पडले, गारवा संपला, आणि एकदम समोर पिवळं गवत! थेट आभाळापर्यंत नुसतं गवत! कोब हरणांचे कळप माना वर करून बघत होते. एका हत्तिणीने रस्त्याच्या मधोमध उभं राहून मामांना पाऊण तास थांबवलं.

"भोंगा वाजवा ना, मामा!" काइजा म्हणाला.

"तू खाली उतरून विनंती कर, मग वाजवतो!"

क्यांबुराची घळ म्हणजे एक नवलच. रखरखीत माळाला मधोमध मोठी भेग पडलेली, आणि त्या भेगेत गच्च हिरवं जंगल, तळाशी नदी! मामा लॉजवर गेले. तिघं कठड्याला लोंबकळून खाली बघत होती. तेवढ्यात खालून आलं,

"हू... हू... हूऽऽ हूऽऽ आऽऽ!"

"चिंपांझी!" अलिंडा किंचाळली.

आणि त्या हाकेच्या पाठोपाठ नदीतून, "घ्रों! हॉ हॉ हॉ हॉ!"

बिरुंगीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने काइजाचा दंड इतका घट्ट धरला, की त्याच्या हातातला आंबा घळीत पडला.

"माझा आंबा!"

"आंबा गेला खड्ड्यात! ऐकलंस का? आधी चिंपांझी, मागे पाणघोडा! बाबांनी हेच ऐकलं! अगदी हेच!"

"म्हणजे काय, ही घळ चालत आपल्या जंगलात आली?"

"चालत नाही रे. कुणीतरी तिला डब्यात भरून आणलंय!"

काइजाचा आ वासला तो मिटेचना. "टेपरेकॉर्डर!" तो ओरडला. "अगं, परवा मी मीठ आणायला गेलो ना दुकानात, तेव्हा मुगेन्यीदादा मोठाले सेल घेत होता! आठ! मी म्हटलं, एवढे कशाला? तर म्हणतो, टॉर्चला!"

*

शनिवारी सकाळी सातला तिघं शाळेच्या वाटेवर पालथी पडली होती. वाट सोडून जंगलात शिरायची मुलांना सक्त मनाई होती, पण मोठा उंबर वाटेपासून जेमतेम वीस पावलांवर. इतक्यात उंबराच्या मुळांमागून हात झटकत कोण बाहेर आलं? मुगेन्यीदादा! शीळ घालत लॉजकडे निघूनही गेला.

त्या मुळांच्या भिंती माणसापेक्षा उंच. त्यांच्या बेचक्यात गोणपाट, आणि गोणपाटात टेपरेकॉर्डर! चक्र फिरत होतं, पण आवाज काहीच नाही.

"मुकाय हा," काइजा म्हणाला.

"थांब जरा," बिरुंगी म्हणाली. "आधी नुसती शांतता भरली असेल त्याने. तेवढ्यात पाहुणे घेऊन यायला!"

तिघं धावत वाटेवर परतली आणि झुडपाआड दबली. बरोबर साडेसातला उंबर ओरडला. हू... हू... हूऽऽ! आणि मागे, घ्रों!

पाच मिनिटं काहीच नाही. मग पानं हलली. चिंपांझी आले! पण एकानेही आवाज केला नाही. अंगावरचे केस पिंजारलेले, पावलं चोरटी. पुढे फाटक्या कानाचा होता. तो थबकला, मागे वळला आणि त्याने चक्क दुसऱ्याला मिठी मारली! एवढा थोरला नर, आणि थरथरत होता! लंगडीने पोराला पोटाशी इतकं आवळलं होतं, की त्याची फक्त बोटं दिसत होती.

"घाबरलेत गं ते," अलिंडा कुजबुजली.

बिरुंगीला एकदम सगळं उमगलं. आपल्या घरात परकी टोळी घुसलीय असं वाटलं, की चिंपांझी हाका मारायचंच सोडतात आणि चोरपावलांनी बघायला जातात. बाबांनीच सांगितलं होतं कधीतरी. म्हणून जंगल मुकं! आणि हाक नाही तर बाबांनी शोधायचं कसं?

तिकडून मुगेन्यीदादा पाहुण्यांना घेऊन आलाच. "बघा, बघा! म्हटलं होतं ना?" कॅमेऱ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे खूश! मागोमाग दादाचा आवाज आला, "उद्या खुद्द मोठ्या बाई येतायत माझ्याबरोबर!"

पाहुणे गेले तसा काइजा उठला. "चला, डबा उचलू आणि बाईंपुढे आपटू!"

"आणि तो म्हणेल, पोरांनी स्वतःच आणला कुठूनतरी! नाही. डबा तिथेच राहू दे." बिरुंगीच्या डोळ्यांत चमक आली. "सकाळी तो बटण दाबतो आणि निघून जातो. ऐकतो फक्त शांतता! मग पुढे काय आहे, हे त्याला कुठे कळणार?"

काइजाने उंबराकडे बघितलं, आणि तिथून अलिंडाकडे. मग हळूहळू त्याचं हसू कानापर्यंत पोचलं.

*

रविवारी चर्चला जायचे कपडे घालून तिघं शाळेच्या वाटेवर हजर! तिकडून मोठ्या बाई, चार पाहुणे आणि सर्वांत पुढे मुगेन्यीदादा. "आता ऐकाल हं, बाई," तो घड्याळाकडे बघत म्हणाला. "माझा अंदाज कधी चुकत नाही!"

आणि उंबर बोलला.

"कुकूऽऽच कूऽऽ!"

पाहुणे चमकले. मुगेन्यीदादाची दुर्बीण गळ्यातच लटकून राहिली.

"नमस्कार!" उंबरातून अलिंडाचा खणखणीत आवाज आला. "हे चिंपांझी रेडिओ केंद्र आहे! बातम्या. आमच्या जंगलात परके चिंपांझी घुसलेत असं वाटून आमची पोरंबाळं तीन आठवडे घाबरलीयत. हे परके चिंपांझी एका गोणपाटात राहतात. गोणपाट मुगेन्यीदादांच्या मालकीचं आहे. बातम्या संपल्या!"

पुन्हा एक कोंबडा आरवला. बाई लांब टांगा टाकत उंबराकडे गेल्या आणि डबा घेऊन वाटेवर आल्या. चक्र फिरतच होतं.

"हे काय आहे?"

"म... मला काय माहीत!" दादा म्हणाला. "या पोरांचाच चावटपणा असणार! माझा नाहीच तो!"

इतक्यात बातम्यांनंतरची टेप सुरू झाली. जुनी, मूळची टेप. "हू... हू... हूऽऽ हूऽऽ आऽऽ!" आणि मागून, "घ्रों! हॉ हॉ हॉ हॉ!"

बाई जागच्या जागी थिजल्या. "पाणघोडा," त्या पुटपुटल्या. "अमूतींचा पाणघोडा!"

"पाणघोडा?" मुगेन्यीदादाने कान लावला. "कुठला पाणघोडा?"

"हा काय! एवढा मोठ्याने ओरडतोय!"

"छे हो बाई! मी रेकॉर्ड केलं तेव्हा एकसुद्धा पाणघोडा नव्हता! तीनतीनदा ऐकून तपासलंय मी..." आणि त्याने चटकन तोंडावर हात ठेवला.

डब्यातला पाणघोडा मात्र मजेत हसत होता.

"तू कुठला रे, मुगेन्यी?" बाईंनी विचारलं.

"क्यांबुराजवळ, काझिंगाच्या पाण्याकाठचा," तो खाली मान घालून म्हणाला. "कोळीवाड्यातला."

बिरुंगी बघतच राहिली. म्हणजे याला खरंच ऐकू आला नव्हता! ज्याच्या घरामागे जन्मापासून पाणघोडे रात्रंदिवस ओरडतायत, त्याला पाणघोडा कसला ऐकू येतोय? त्याच्या लेखी तीच शांतता!

"मला वाटलं, नुसती हाक तर आहे," दादाचा आवाज रडवेला झाला. "कोंबड्यांना बोलावतो तसं. ते घाबरत असतील असं मनातच आलं नाही, बाई."

*

बाबा अंगणात बूट पुसून ठेवत होते. उद्या फाटकावर बसायला ते लागणार नव्हते ना! समोर मोठ्या बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी चक्क गुडघे वाकवले. "अमूती," त्या म्हणाल्या, "कान आमचे गेले होते. माफ करा. आणि या तीन पोरांनी केलं ते आमच्या अख्ख्या चौकीला जमलं नाही!"

बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो मुगेन्यीचा. लॉजवाल्यांनी त्याला काढायचं ठरवलं होतं.

"काढू नका," बाबा म्हणाले. "वर्षभर माझ्यामागे चालू दे त्याला. डबा न घेता."

पण जंगल काही लगेच बोललं नाही हं! सोमवार गेला, मंगळवार गेला. रोज उजाडता बाबा कडेला उभे, शेजारी बिरुंगी, आणि दोन पावलं मागे मान खाली घालून मुगेन्यीदादा. काइजाचा परत जायचा दिवस आला. मटाटू साडेआठला होती. त्या सकाळी तो आणि अलिंडासुद्धा आले. दवाने पाय भिजलेले, तोंडातून वाफ निघतेय, आणि कुणी हूं की चूं करत नाही.

आणि मग लांबून, मोठ्या उंबराच्याही पलीकडून, अगदी बारीक, "हू... हू..."

बाबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी फक्त बिरुंगीचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"कोण आहे, सांग," ते म्हणाले. "आज तू सांग."

बिरुंगीने डोळे मिटले. हाक चढत गेली, फुटली, आणि तिला दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं.

"फाटक्या कानाचा," ती म्हणाली. "आणि बाबा, त्याच्यामागून लंगडी!"

"शाब्बास माझे पोरी!" बाबा म्हणाले, आणि सव्वीस वर्षांत प्रथमच पाहुण्यांची वाट न बघता भराभर पुढे चालू लागले.